दारावरची पट्टी

वाहनांचा इतिहास लिहिणारे बहुधा चाकापासून प्रारंभ करितात आणि इंजिनापाशीं येऊन थांबतात. जें वाहनाला चालवितें तें त्यांना इतिहासाच्या योग्यतेचें वाटतें. जें नुसतें वाहनाबरोबर चालतें तें वाटत नाहीं. त्यामुळें मोटारीच्या दारावर बाहेरच्या अंगानें आडवी बसविलेली जी बोटभर रुंदीची चकचकीत पट्टी असते, तिच्याकडे कोणी सवडीनें पाहिल्याचें माझ्या वाचनांत आलेलें नाहीं. मींहि पाहिलें नसतें. परंतु मागें एका पावसाळ्यांत वडिलांच्या जुन्या मोटारीच्या डाव्या दारावरील पट्टी एका टोकाकडून सुटली, आणि गाडी जराशी वेगांत आली कीं ती शीळ घालूं लागली. शहरांतील एका मोठ्या दुरुस्तीच्या कारखान्यांत गाडी नेली, तेव्हां तेथील तरुण व्यवस्थापकानें पट्टीला हातहि न लावतां सल्ला दिला, "सर, काढूनच टाका. भोंकें बुजवून वरून रंग मारून देतो. हल्लीं अशी पट्टी कोण ठेवतो?" मीं नकार दिला, तेव्हां त्यानें नाइलाजानें तिच्यामागें कसलासा झटपट सुकणारा गोंद भरून दिला. तो गोंद अकरा दिवस टिकला.

हल्लीं अशी पट्टी कोण ठेवतो, हा प्रश्न जरा उद्धटपणाचा असला तरी इतिहासाच्या अध्यापकाला तो टाळतां येत नाहीं. कारण त्याच्या पोटांत दुसरा प्रश्न आहे. ती पट्टी तेथें मुळांत कोणीं आणि कशासाठीं बसविली?

उत्तरासाठीं लंडनच्या लाँग एकर या रस्त्यावर जावें लागतें. कोच बांधणाऱ्या कारागिरांची ती जुनी पेठ. त्यांच्या संघाला दुसऱ्या चार्ल्स राजानें १६७७ सालीं सनद दिली. त्या काळच्या कोचचें अंग म्हणजे एक लांकडी पिंजराच असे. ॲश झाडाच्या चिवट लांकडाचा सांगाडा. त्यांतील मोकळ्या जागा भरून काढणाऱ्या पातळ फळ्या, आणि पुढें पुढें त्या महोगनीच्या. वरच्या भागावर ताणून बसविलेलें कातडें. हें कातडें कडेला खिळ्यांनीं ठोकावें लागे. खिळ्यांचीं डोकीं उघडीं राहिलीं तर तें दिसण्यांत वाईट. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या रांगेंतून पावसाचें पाणी आंत झिरपे आणि सांगाडा कुजे. म्हणून त्या रांगेवर धातूची अर्धगोल पट्टी बसवीत. दाराच्या कडेला, जेथें एक फळी संपून दुसरी सुरू होई, तेथेंहि हीच योजना असे. पितळेच्या अथवा रुपेरी पत्र्याची बारीक पन्हळ करावयाची, तिच्या पोकळींत शिसें-कथिलाचा रस ओतावयाचा, त्यांत टाचण्या उभ्या रोवावयाच्या, आणि रस गोठला कीं ती पट्टी टाचण्यांसकट लांकडावर अशी ठोकावयाची कीं पुढून एकहि खिळा दिसूं नये.

म्हणजे पट्टी ही मूळची दागिना नव्हे. मंगळुरी कौलांच्या छपरावर आढ्यावरून जे कोने बसवितात त्यांचें जें काम, तेंच हिचें: सांधा झांकणें आणि पाणी अडविणें. ती दिसण्यांत सुरेख असे ही गोष्ट खरी. पण तें सौंदर्य कामाच्या पोटीं जन्मलेलें होतें. निसटली तर दुरुस्तीहि सोपी. टाचण्या लांकडांत जावयाच्या असल्यामुळें जुन्या छिद्राच्या शेजारीं अर्ध्या बोटावर नवें छिद्र घेतलें कीं काम भागे. लांकूड हें क्षमाशील द्रव्य आहे.

रुपेरी पत्रा हाहि अठराव्या शतकाचाच शोध. शेफील्डच्या टॉमस बोल्सोव्हर यानें १७४३ च्या सुमारास तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेनें जडविण्याची युक्ति काढली आणि चांदीची ऐट थोडक्या पैशांत मिळूं लागली. जी वस्तु थोडक्या पैशांत मिळते तिची हौस वाढते, आणि हौस वाढली कीं किमतींत लबाडी शिरते. १७९४ सालीं विल्यम फेल्टन नांवाच्या लंडनमधील एका कोचकारानें कोचबांधणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नामपृष्ठावरच त्यानें जाहीर केलें आहे कीं, प्रत्येक वस्तूची वाजवी किंमत येथें बिनचूक दिलेली आहे. धंद्यांतल्या माणसानें धंद्याचा भाव असा छापून गिऱ्हाइकाच्या हातीं द्यावा, ही गोष्ट लहान नव्हती. दुरुस्तीच्या नांवाखालीं होणारी लुबाडणूक मोटारीबरोबर जगांत आली असा ज्यांचा समज असेल, त्यांनीं हा ग्रंथ अवश्य चाळावा.

मुंबईकरांना या कोचच्या वंशांतील शेवटचें अपत्य चांगलें परिचयाचें आहे. घोड्यांच्या हालांचा प्रश्न न्यायालयांत गेला आणि मुंबई उच्च न्यायालयानें २०१५ सालीं व्हिक्टोरिया बंद करण्याचा आदेश दिला. त्यांच्या अखेरच्या काळांतील ती रुपेरी पत्र्याची नक्षी ज्यांनीं मरीन ड्राइव्हवर पाहिली असेल, त्यांना वेगळें सांगावयास नको कीं सांधा झांकण्याचें तिचें काम केव्हांच सुटलें होतें आणि नुसती चमक उरली होती.

मोटार जन्मली ती घोडा वजा केलेली कोच म्हणूनच. पहिल्या मोटारींचीं अंगें कोचकारांनींच बांधलीं. तोच लांकडी सांगाडा, त्यावर आतां लांकडी फळीऐवजीं धातूचा पत्रा, आणि दोन पत्र्यांच्या सांध्यावर तीच जुनी पट्टी. परंतु फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याच्या कारखान्यानें डॉज बंधूंसाठीं १९१४ च्या सुमारास पोलादी अंगें तयार करण्यास प्रारंभ केला, आणि पुढच्या वीस वर्षांत लांकूड हळूहळू हद्दपार झालें. पोलादी पत्रे एकमेकांस वितळवून जोडतां येत. सांधाच उरला नाहीं, मग तो झांकावयाचा कशाला? तर्काप्रमाणें पट्टीचा इतिहास येथें संपावयास हवा होता. प्रत्यक्षांत झालें तें असें कीं, कांहीं कारखानदार पत्र्यालाच दाबून पट्टीसारखा उंचवटा काढूं लागले. दारावर जर आडवी रेघ नसेल तर लोकांच्या डोळ्यांना तें दार उघडेंबोडकें वाटे. दोनशें वर्षांची संवय अशी एका पिढींत मोडत नाहीं.

त्यांतच रंगाची क्रांति झाली. १९२३ सालीं जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूको नांवाचा झटपट वाळणारा रंग आला. पूर्वीं गाडी रंगवून वाळावयास आठवडे लागत, तें काम आतां कांहीं तासांवर आलें. दारें वर एका रंगाचीं आणि खालीं दुसऱ्या रंगाचीं करण्याची टूम निघाली. दोन रंगांची सीमारेषा स्वच्छ यावी यासाठीं रंगारी एका भागावर कागद चिकटवीत. मात्र कागद काढतांना खालचा ताजा रंगहि सोलून येई. मिनेसोटांतील सेंट पॉल शहरीं असल्या एका रंगशाळेंत रिचर्ड ड्र्यू नांवाचा तरुण कांचकागदाचे नमुने घेऊन गेला होता. त्याची कंपनी त्या वेळीं कांचकागदच करीत असे. तीच पुढें थ्री-एम या नांवानें जगप्रसिद्ध झाली. रंगाऱ्यांचा संताप ऐकून ड्र्यू परत आला, आणि १९२५ सालीं त्यानें रंगाला न दुखवितां सुटून येणारी चिकटपट्टी तयार केली. ही हकीकत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण पुढें हीच कंपनी, न सुटणारी चिकटपट्टी घेऊन, आपल्या कथेंत पुन्हां येणार आहे.

आतां चमकेकडे वळूं. प्रथम पितळ होतें. तें रोज घासावें लागे, आणि ज्याच्या घरीं घासणारा नोकर असे त्यालाच तें परवडे. मग निकेलचा मुलामा आला. तो पितळेहून बरा, पण कांहीं दिवसांनीं पिवळट दिसूं लागे. क्रोमियम हा धातु पॅरिसच्या व्होकेलँ या रसायनशास्त्रज्ञानें १७९७ सालींच शोधिला होता, पण विजेच्या साहाय्यानें त्याचा विश्वासू मुलामा चढविण्याची रीति कोलंबिया विद्यापीठांतील कॉलिन फिंक यानें १९२५ च्या सुमारास व्यवहारांत आणली. दोन-चार वर्षांतच मोटारींचीं दारें आरशासारखीं लखलखूं लागलीं. या मुलाम्यांत धातूवर प्रथम तांबें, त्यावर निकेल आणि सर्वांत वर क्रोमियम असे थर चढवितात. त्यांतील क्रोमियमचा थर एका मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाहूनहि पातळ असतो. गंजापासून रक्षण करण्याचें खरें काम खालचें निकेल करितें. क्रोमियम केवळ निकेलचें तेज टिकवितें. नांव मात्र वरच्या थराचें होतें. पण तसें कोठें होत नाहीं?

या चमकेला एक किंमत होती, आणि ती गाडीच्या मालकानें दिली नाहीं. मुलाम्याच्या हौदांत क्रोमिक ॲसिडाचा द्रव असतो. त्यांतून वीज सोडली कीं वायूचे असंख्य बुडबुडे वर येऊन फुटतात, आणि प्रत्येक बुडबुडा फुटतांना ॲसिडाचे सूक्ष्म तुषार हवेंत उडवितो. हौदावर वांकून पट्ट्या बुडविणाऱ्या आणि काढणाऱ्या माणसाच्या श्वासाबरोबर ते तुषार आंत जातात. आधीं नाकांतून रक्त येऊं लागतें. मग नाकाच्या मधल्या पडद्यावर व्रण होतो. आणि शेवटीं त्या पडद्याला आरपार भोंक पडतें. यांतली क्रूर गोष्ट ही कीं, तें पडतांना फारसें दुखत नाहीं, म्हणून पुष्कळांना तें पडल्यावरच कळतें. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानें १९२८ सालीं मुलामाखान्यांतील कामगारांची पाहणी प्रसिद्ध केली, तींत या व्याधीची स्पष्ट नोंद आहे. ब्रिटननें १९३१ सालीं खास नियम करून हौदावरील वाफ ओढून नेणारी योजना, हातमोजे आणि वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. पुढें १९९० सालीं कर्करोगाविषयीं संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें षट्संयुजी क्रोमियमचीं संयुगें माणसाला कर्करोग करणारीं म्हणून नोंदविलीं. पट्टी बसविण्यासाठीं आपल्या दाराच्या पत्र्याला भोंकें पाडलीं म्हणून कुरकुरणारा मोटारमालक मीं पाहिला आहे, मीहि त्यांतलाच. त्याच पट्टीसाठीं दुसऱ्या कोणाच्या नाकाला पडलेलें भोंक आम्हां दोघांच्याहि ध्यानीं आलें नव्हतें.

पट्टी ही निव्वळ शोभा होय, हें सरकारी रीतीनें ठरलें तें युद्धकाळांत. निकेल आणि क्रोमियम चिलखती पोलादासाठीं हवीं होतीं. म्हणून १९४२ च्या प्रारंभीं अमेरिकेंत मोटारींवर, बंपर सोडून, चकचकीत मुलामा लावण्यास बंदी झाली. तयार पडलेल्या पट्ट्याहि रंगानें झांकून बसविण्यांत आल्या, म्हणजे एकाजवळ साठा आहे आणि दुसऱ्याजवळ नाहीं असा अन्याय होऊं नये. फेब्रुवारींत तर खाजगी मोटारींचें उत्पादनच थांबलें. त्या थोड्या आठवड्यांत तयार झालेल्या मंद रंगाच्या पट्ट्यांच्या गाड्या पुढें दुर्मिळ म्हणून संग्राहकांनीं जपल्या.

युद्ध संपल्यावर उपासानंतरच्या पारण्याप्रमाणें चमकेचा अतिरेक झाला. जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागावर १९२७ पासून १९५८ पर्यंत हार्ले अर्ल या गृहस्थाचें राज्य होतें. दरवर्षीं नवें अंग काढावयाचें तर पोलाद दाबण्याचे प्रचंड साचे बदलावे लागत, आणि त्यांचा खर्च अफाट. पट्टी बदलावयाची तर खर्च थोडा. तेव्हां तेंच दार, तेंच छप्पर ठेवून दारावरची रेघ तेवढी यंदा सरळ, पुढल्या वर्षीं नागमोडी, त्याच्या पुढल्या वर्षीं दुभंगलेली काढावयाची, म्हणजे शेजाऱ्याची गाडी जुनी दिसूं लागते. ब्यूक गाड्यांवर १९४९ पासून भाल्यासारखी लवणारी पट्टी आली. १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरवर मागच्या बाजूस दोन पट्ट्यांमध्यें ॲल्युमिनियमचा पत्रा भरला. पाणी अडविण्यासाठीं जन्मलेली पट्टी आतां पंचांगाचें काम करूं लागली: ती पाहून गाडीचें साल ओळखावें.

आपल्याकडे हें पंचांग जवळजवळ थांबलेलेंच होतें. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून साठीच्या दशकांत फियाटचें जें रूप बाहेर पडलें, तें पुढें पद्मिनी हें नांव घेऊन थोड्याफार फरकानें शतकाच्या अखेरीपर्यंत चाललें. आणि मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून ती ३० ऑक्टोबर २०२३ ला उतरली. जेथें गाडी बदलत नाहीं तेथें पट्टी टिकवावी लागते. अमेरिकेंत जी वस्तु वर्षापुरती होती ती येथें तीस तीस वर्षें सुटत आणि पुन्हां बसत राहिली. तिला गॅरेजांत 'बीडिंग' म्हणतात. लाँग एकरचे कारागीर आपल्या पट्टीला 'बीड' म्हणत. कुर्ल्याच्या मिस्त्र्याच्या तोंडीं तो शब्द दोन शतकांनंतरहि जिवंत आहे, याचें मला फार कौतुक वाटतें.

परंतु या टिकविण्यांतच खरी अडचण होती. लांकडांत टाचणी ठोकतां येते, पोलादी पत्र्यांत येत नाहीं. म्हणून दाराला ओळीनें भोंकें पाडून त्यांत पोलादी चाप बसवीत आणि पट्टी त्या चापांवर दाबून अडकवीत. भोंकाच्या कडेचा रंग चापानें खरवडला जाई. पट्टीमागें धूळ सांचे, धूळ पाणी धरून ठेवी. आणि मग एक जुना नियम आपलें काम करी. दोन निरनिराळे धातु ओलाव्यांत एकमेकांस लागून राहिले कीं त्यांतला हलका धातु झिजतो आणि भारी सुरक्षित राहतो. सर हंफ्री डेव्ही यानें १८२४ सालीं या नियमाचा उपयोग ब्रिटिश आरमारासाठीं केला. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे. त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले असतां तुकडे झिजत आणि तांबें वांचे. (तांबें विरघळेनासें झाल्यामुळें त्यावर शेवाळ आणि शिंपले मात्र माजले, आणि बिचाऱ्या डेव्हीचा विजय फसला, पण तो वेगळा विषय.) डेव्हीनें हलक्या वस्तूचा बळी देऊन मोलाची वस्तु राखली. दारावर नेमकें उलट घडतें. न गंजणाऱ्या पोलादाची किंवा मुलाम्याची पट्टी हा येथें भारी पक्ष, आणि दाराचा साधा पत्रा हलका. शोभेची पट्टी वर्षानुवर्षें लखलखत राहते आणि तिच्यासाठीं दार आंतून कुजतें. एके काळीं सांध्यांतून पाणी आंत जाऊं नये म्हणून जी बसविली, तीच आतां जेथें सांधा नव्हता तेथें पाण्याला वाट करून देऊं लागली.

यावरचा तोडगा थ्री-एम कंपनीनेंच काढला. १९८० सालीं तिनें ॲक्रिलिकच्या लवचिक फेसाची, दोन्ही बाजूंनीं चिकटणारी पट्टी बाजारांत आणली. भोंक नको, चाप नको. आणि धातु व पत्रा यांच्यामध्यें तो फेसाचा थर आल्यामुळें दोघांचा संबंधहि तुटतो. मात्र या पट्टीचा स्वभाव गोंदाहून निराळा आहे. ती लावतांच पकडते, पण पूर्ण पकड लगेच येत नाहीं. साधारण उबेंत वीस मिनिटांनीं अर्धें बळ, एका दिवसानें नऊ-दशांश, आणि बहात्तर तासांनीं पुरें. तेवढा वेळ ती जणूं पत्र्याच्या सूक्ष्म खांचांत पसरत असते. थंडींत किंवा दमट पत्र्यावर ती नीट पसरत नाहीं.

हें सर्व मला पुस्तकांतून नंतर कळलें. आधीं कळलें तें पेठेंतल्या एका बोळांतील वृद्ध मिस्त्रींकडून. अकरा दिवसांनीं पट्टी पुन्हां शीळ घालूं लागली तेव्हां कोणीतरी त्यांचा पत्ता दिला. त्यांनीं टोक बोटानें उचलून पाहिलें आणि म्हणाले, "सर, गोंद वाईट नाहीं. ज्याच्यावर लावला तें वाईट. धुळीला चिकटवलेली वस्तु धुळीबरोबरच जायची." मीं लगेच काम करून मागितलें. त्यांनीं नाहीं म्हटलें. "पावसांत नको. पत्रा दमट आहे. दसऱ्यानंतर आणा." तोंपर्यंत पट्टी त्यांनीं कागदी चिकटपट्टीनें बांधून दिली, आणि जवळजवळ दोन महिने मी बँडेज बांधलेल्या दाराची गाडी महाविद्यालयांत नेत होतों.

दसऱ्यानंतर त्यांनीं पट्टीचा उरलेला भागहि सोडविला. पट्टी आणि पत्रा यांमधून मासे धरावयाचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागेंपुढें ओढीत नेला, त्यामुळें रंगाला ओरखडा उठला नाहीं. मग सुटलेली पट्टी कांचेच्या तुकड्यावर ठेवून मला दाखविली. मध्यें एक बारीकसा बांक होता. "हा असाच ठेवून चिकटवली तर ती रात्रंदिवस स्वतःलाच ओढत राहील." तो बांक त्यांनीं लांकडाच्या दोन तुकड्यांमध्यें अंगठ्यांनीं दाबून काढला, या एका कामाला पाऊण तास गेला. दाराच्या दोन भोंकांभोंवतीं गंज होता. तो खरवडून, गंजरोधक लेप देऊन, त्यांनीं तीं बुजविलीं. स्पिरिटनें पत्रा पुसला, कापड बदलून पुन्हां पुसला. पट्टी सरळ बसावी म्हणून वर आणि खालीं कागदी चिकटपट्टीच्या दोन रेघा मारल्या. रिचर्ड ड्र्यूची पट्टी थ्री-एमच्या दुसऱ्या पट्टीला वाट दाखवीत होती, हें मिस्त्रींना ठाऊक असण्याचें कारण नव्हतें, आणि त्या वेळीं मलाहि नव्हतें.

बसविण्यापूर्वीं मात्र ते थांबले आणि त्यांनीं मला जवळ बोलाविलें. गाडी आज पांढरी आहे. १९८९ सालीं ती पुन्हां रंगविली, तेव्हां रंगाऱ्यानें आळसानें पट्टी न काढतां तिच्या कडेनेंच हात फिरविला होता. पट्टीखालीं बोटभर रुंदीची आकाशी रेघ होती, दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदीं ताजी. बाबांनीं गाडी घेतली तेव्हांचा रंग. मीं तो लहानपणीं पाहिलेला आहे, पण तो इतका फिका होता हें विसरलों होतों.

"हा घासून काढूं का, सर? तसा पक्का आहे. टेप धरेल याच्यावर."

राहूं द्या, असें मीं सांगितलें. त्यांनीं टेप लावली, पट्टी बसविली, तळहातानें एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत दाबीत नेली, आणि तीन दिवस गाडी धुवावयाची नाहीं असें बजावलें.